विमान उशिरा, बॅग बेपत्ता, पैसे अडकले: देशांतर्गत विमानप्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः भारतातल्या भारतात होणाऱ्या प्रवासाबद्दल आहेत. नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे. ते कंपनीच्या तिकिटावरच्या बारीक अक्षरातल्या अटींपेक्षा वरचढ ठरतात. मात्र प्रवाशाचा हक्क बुडतो तो बहुतेक वेळा नियम नसल्यामुळे नव्हे. घाईत चुकीचं बटण दाबल्यामुळे किंवा हातात कागद नसल्यामुळे तो बुडतो. खालच्या उत्तरांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येईल.

विमान तीन तास उशिरा सुटलं. भरपाई किती मिळेल?

रोख भरपाई शून्य. युरोपातल्या नियमांबद्दल वाचून अनेकजण इथेही पैसे मागतात, पण भारतात नुसत्या उशिरासाठी रोख भरपाईची तरतूद नाही. मिळतात त्या सोयी, आणि त्याही ठराविक टप्प्यांवर:

- उड्डाणाचा ठरलेला कालावधी अडीच तासांपर्यंत असेल (मुंबई–नागपूर, पुणे–दिल्ली वगैरे) तर २ तास किंवा जास्त उशिराला खाणं-पिणं.
- कालावधी अडीच ते पाच तास असेल तर ३ तासांच्या उशिराला, त्याहून लांबच्या उड्डाणाला ४ तासांच्या उशिराला.
- ६ तासांहून जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांतली निवड तुमच्यावर सोडायची.
- २४ तासांहून जास्त उशीर असेल तर हॉटेल. रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणाऱ्या विमानाला ६ तासांहून जास्त उशीर झाला तरी हॉटेल.

खाण्याचं कूपन कुणी जागेवर आणून देत नाही. गेटवरच्या कर्मचाऱ्याकडे मागावं लागतं. तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असणं ही अट आहे. एक मेख लक्षात ठेवा: वेळ चाळीस-चाळीस मिनिटांनी पुढे ढकलली जाते, तेव्हा आपणही प्रत्येक वेळी नव्याने मोजायला लागतो. तसं करू नका. मूळ वेळेपासून मोजा आणि प्रत्येक एसएमएसचा स्क्रीनशॉट ठेवा.

कंपनीने विमान रद्द केल्याचा मेसेज आला. ॲपवर जाऊन तिकीट कॅन्सल करू का?

नका करू. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ॲपमध्ये दोन वेगळ्या वाटा असतात. एक म्हणजे नेहमीचं ‘कॅन्सल बुकिंग’. तिथून गेलात तर यंत्रणा असं धरते की प्रवाशाने स्वतःहून रद्द केलं, आणि रद्दीकरणाचं शुल्क कापलं जाऊ शकतं. दुसरी वाट मेसेजमध्ये आलेल्या लिंकची. तिथे ‘विमान बदला’ किंवा ‘पूर्ण परतावा’ असे पर्याय असतात. तीच वाट धरायची. लिंक चालत नसेल तर कॉल सेंटरला फोन करा, पण त्याबरोबर ईमेलही पाठवा: “अमुक पीएनआरचं विमान आपण रद्द केलं आहे, मला पूर्ण परतावा हवा आहे.” फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करता येत नाही.

परताव्याऐवजी ‘क्रेडिट शेल’, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी वापरायची जमा रक्कम, गळ्यात मारलं जातं अशी तक्रार असते. क्रेडिट घ्यायचं की पैसे, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. कंपनीने परस्पर क्रेडिट देऊन मोकळं व्हायचं नसतं.

रद्द झाल्याबद्दल परताव्याखेरीज काही मिळतं का?

किमान दोन आठवडे आधी कळवलं असेल तर नाही. दोन आठवड्यांच्या आत, पण २४ तासांपेक्षा आधी कळवलं आणि सोयीचं पर्यायी विमान किंवा परतावा देऊ केला, तरीही नाही. ठरल्याप्रमाणे कळवलंच नाही तर उड्डाणाच्या कालावधीनुसार भरपाई आहे: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये, दोन तासांवर १०,००० रुपये.

पण पुढे ‘किंवा’ आहे, आणि मेख त्यातच आहे. ही रक्कम किंवा तुमचं एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. समजा मुंबई–गोवा तिकिटाचे तुम्ही ४,६०० रुपये भरले आणि त्यातलं मूळ भाडं व इंधन शुल्क मिळून ३,५०० होतं, तर भरपाई ३,५०० रुपये, ७,५०० नव्हे. म्हणून तिकिटाचं फक्त एकूण रकमेचं पान जपून उपयोग नाही. भाड्याची फोड असलेलं पान ठेवा.

तुमचा मोबाइल नंबर किंवा ईमेल बुकिंगमध्ये नसेल तर रोख भरपाईचा हक्क जातो. ट्रॅव्हल एजंट बऱ्याचदा स्वतःचाच नंबर टाकतात. तिकीट हातात आल्याबरोबर कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन आपला नंबर घालून घ्या.

‘ऑपरेशनल रीझन्स’ म्हणजे नेमकं काय?

काहीही. वैमानिक कमी पडले, विमान आधीच्या शहरात अडकलं, प्रवासी कमी होते म्हणून दोन फेऱ्या एकत्र केल्या, तांत्रिक बिघाड झाला, सगळं याच शब्दांत बसतं. कारण महत्त्वाचं असतं, कारण धुकं, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाचे निर्बंध, सुरक्षेचा धोका अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींत रोख भरपाई लागू होत नाही. म्हणून कारण लेखी मागा. काउंटरवर “वरून मेसेज आलाय” असंच उत्तर मिळालं तर तिथूनच ईमेल करून विचारा. उत्तर आलं नाही तरी तुमचा प्रश्न वेळेसह नोंदला जातो.

आकाश स्वच्छ आहे, तरी विमान उशिरा. का?

कारण तुमचं विमान ‘तुमचं’ नसतं. सकाळी सहाला निघालेलं एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं आणि दोन फेऱ्यांमध्ये त्याला जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात प्रवासी उतरणं, सफाई, इंधन, सामान, नवे प्रवासी, सगळं उरकायचं. सकाळी दिल्लीच्या धुक्यात गेलेला दीड तास संध्याकाळी पुण्याच्या प्रवाशाच्या बोकांडी बसतो.

मुंबईची अडचण वेगळी. इथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर गर्दीच्या तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. एक विमान पट्टीवरून बाजूला व्हायला दोन मिनिटं जास्त लागली की मागची रांग आकाशात घिरट्या घालू लागते. पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी दोन्ही पट्ट्या दिवसा काही तास बंद ठेवतात. ९ मे २०२४ रोजी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ अशा त्या बंद होत्या. त्या तारखा आधी जाहीर होतात, त्यामुळे त्या दिवसासाठी तिकीट काढण्यापूर्वी पाहून घेता येतात.

पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं. त्यामुळे उभं राहायला जागा झाली, पण धावपट्टी तीच राहिली.

आणि माणसं. वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम योग्यच आहेत, थकलेला वैमानिक कुणालाच नको. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं, ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली आणि सरकारला भाड्यावर तात्पुरती कमाल मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००.

उशीर होणार हे आधी ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. विमानतळावरच्या फलकापेक्षा तुमच्यासाठी येणारं विमान कुठे आहे ते बघा. फ्लाइटरडार२४सारख्या ॲपवर उड्डाण क्रमांक घातला की विमानाचा नोंदणी क्रमांक दिसतो (भारतीय विमानांचा ‘व्हीटी’ने सुरू होतो), आणि त्यावरून ते आत्ता कोणत्या शहरात आहे हे कळतं. ते अजून बेंगळुरूहून निघालेलंच नसेल आणि तुमची पुण्याहून सुटायची वेळ पाऊण तासावर असेल, तर फलकावर ‘ऑन टाइम’ लिहिलेलं असलं तरी घरून आणलेला डबा उघडायला हरकत नाही. तरीही काउंटर बंद होण्याच्या आत पोचायला हवंच, कारण कंपनी ऐनवेळी दुसरं विमान लावू शकते.

लग्न, परीक्षा, दवाखान्याची वेळ असेल तर दिवसातलं पहिलं विमान घ्या. त्यातलं विमान आणि वैमानिक बहुतेक वेळा रात्रीपासून तिथेच असतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतातून निघणारं पहाटेचं विमान मात्र टाळा. तिथे अकरानंतरचं बरं.

तिकीट कन्फर्म आहे, तरी “सीट नाही” म्हणतात. हे कायदेशीर आहे?

जागांपेक्षा जास्त तिकिटं विकायला बंदी नाही. पण आधी त्यांनी स्वखुशीने मागे राहणारे प्रवासी शोधायचे असतात. तुम्हाला मनाविरुद्ध मागे ठेवलं आणि मूळ वेळेपासून एका तासात सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. २४ तासांत सुटणारं दिलं तर मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,०००. पर्यायी विमान नकोच असेल तर पूर्ण परतावा आणि वर ४०० टक्के, कमाल २०,०००.

इथे एकच काळजी घ्या. “या फॉर्मवर सही करा, व्हाउचर देतो” असं म्हटलं तर तो फॉर्म वाचा. त्यात ‘स्वेच्छेने’ असा शब्द असेल आणि तुम्ही सही केली, तर वरची भरपाई संपली. बोर्डिंग पास परत मागितला तर त्याचा फोटो आधी काढा.

महागड्या वर्गाचं तिकीट असताना खालच्या वर्गात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते.

मीच जाणं रद्द केलं. “नॉन-रिफंडेबल आहे, काही मिळणार नाही” हे खरं का?

अर्धं खरं. रद्दीकरण शुल्क मूळ भाडं आणि इंधन शुल्क यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क, प्रवासी सेवा शुल्क आणि सरकारी कर परत मिळायला हवेत, अगदी तुम्ही न कळवता गेला नसाल तरी. फक्त ते आपोआप येत नाहीत. संकेतस्थळावर ‘नो-शो टॅक्स रिफंड’ अशा नावाचा फॉर्म शोधून भरावा लागतो. पोर्टलचं ‘कन्व्हीनियन्स फी’ मात्र गेलं ते गेलं.

कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेलं तिकीट असेल आणि उड्डाणाला सात दिवस किंवा जास्त अवकाश असेल, तर बुकिंगनंतर ४८ तासांच्या आत विनाशुल्क रद्द किंवा बदल करता येतो. बदलाच्या वेळी नव्या भाड्यातला फरक भरावा लागतो.

नावात चूक झाली. नवं तिकीट काढावं लागेल?

कंपनीच्या संकेतस्थळावर काढलं असेल तर २४ तासांत कळवा, त्याच व्यक्तीच्या नावातली दुरुस्ती फुकट होते. आपल्याकडे घोळ होतो तो वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचा. आधारवर तीन नावं, तिकिटावर दोन. देशांतर्गत प्रवासात पहिलं नाव आणि आडनाव जुळलं तर सहसा अडवत नाहीत. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर मात्र जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचंच नाव तिकिटावर घाला.

वेब चेक-इन करताना प्रत्येक सीटला पैसे मागतात. भरावेच लागतात का?

नाही. स्क्रीन अशी रचलेली असते की भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं वाटतं. ‘स्किप’ शोधा, बहुधा कोपऱ्यात फिकट अक्षरांत असतं. जागा आपोआप मिळते, बऱ्याचदा मधली. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईवडिलांपैकी किमान एकाच्या शेजारी बसवायचं, असा डीजीसीएचा एप्रिल २०२४ चा आदेश आहे. त्यासाठी वेगळे पैसे भरण्याआधी काउंटरवर हा आदेश सांगून बघा. त्यासाठी मुलाचं आणि पालकाचं तिकीट एकाच पीएनआरवर हवं.

काउंटरवर ५५ मिनिटं आधी पोचलो तरी घेतलं नाही. दाद मागता येईल?

नाही. देशांतर्गत काउंटर सर्वसाधारणपणे ६० मिनिटं आधी बंद होतो, बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. रांगेत उभं असणं म्हणजे चेक-इन झालं असं नाही. वेब चेक-इन केलं असेल आणि फक्त हातसामान असेल तर हा काउंटर लागतच नाही. बॅग टाकायची असेल तर रांगेतूनच कर्मचाऱ्याला हाक मारून उड्डाण क्रमांक सांगा. बंद व्हायच्या आधी ते ओरडून प्रवासी पुढे घेतात, पण तो आवाज गर्दीत हरवतो.

कोणता विमानतळ, कोणतं टर्मिनल?

हसू नका, दर आठवड्याला कुणीतरी चुकतं. गोव्यात दोन विमानतळ आहेत: वास्कोजवळ दाबोळी (जीओआय) आणि पेडण्यात मोपा (जीओएक्स), जानेवारी २०२३ पासून सुरू. दक्षिण गोव्यातलं हॉटेल आणि मोपाचं स्वस्त तिकीट असेल तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. मुंबईत टी-१ वरून टी-२ ला बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही (एनएमआय) उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचा, शहराचं नाव वाचून समाधान मानू नका.

डिजीयात्रा घ्यावी का?

चेहरा ओळखून विमानतळात सोडणारी ही ॲपची सोय सक्तीची नाही, हे आधी. रांग कमी करायची असेल तर घ्या, पण नोंदणी घरी करा. आधार, सेल्फी आणि बोर्डिंग पास असे तीन टप्पे आहेत, आणि प्रवेशद्वारावर उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात काही अर्थ नाही. सगळ्यात जास्त अडतं ते इथे: ॲपमध्ये बोर्डिंग पास चढवलेला असतो, पण विमानतळाला ‘शेअर’ केलेला नसतो. सुरक्षा तपासणीची रांग मात्र डिजीयात्रेनेही चुकत नाही.

खोबरं, लोणचं, कापूर, पॉवर बँक: काय कुठे ठेवायचं?

सुकं खोबरं कुठेच नाही, ना हातसामानात ना चेक-इनमध्ये. ओटीत आलेली खोबऱ्याची वाटी निरुपद्रवी दिसते, पण त्यात तेल भरपूर असतं आणि बंद जागेत ते आपोआप तापून पेटू शकतं. म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. ओला, न फोडलेला नारळ चेक-इनमध्ये चालतो, हातात नाही. कापूर ज्वालाग्राही आहे, घरीच ठेवा. काडेपेटी आणि लायटर यांचंही तेच. लोणचं हातसामानात अडवतात. चेक-इनमध्ये न्या, पण बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिक लावून झाकण घट्ट करा आणि दुहेरी पिशवीत घाला. तेल गळून शेजारच्या बॅगा भिजल्या तर तुमची बॅग बाजूला काढली जाते. लाडू, चकली, थालीपीठ खुशाल हातात न्या.

पॉवर बँक उलट: फक्त हातसामानात, चेक-इनमध्ये कधीच नाही. मर्यादा १०० वॅट-अवर. हिशेब सोपा: एमएएच गुणिले ३.७ भागिले १,०००. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, चालते. ३०,००० म्हणजे १११, म्हणजे कंपनीची परवानगी हवी. क्षमता छापलेली नसेल किंवा पुसली गेली असेल तर जप्त होते.

वजन घरी १५ किलो, काउंटरवर १६.४. काय करायचं?

आधी काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का बघा. शेजारच्या काट्यावर वजन करायला सांगणं तुमचा हक्कच समजा. जास्तीचं वजन ॲपवरून आगाऊ घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. काही कंपन्या एका प्रवाशाला एकच नग नेऊ देतात, त्यामुळे १५ किलोच्या आत असूनही दोन पिशव्यांचे पैसे पडतात. हातसामान साधारण ७ किलो, मापं ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर.

बॅग आलीच नाही, किंवा चाक मोडून आली.

सामान येतं त्या पट्ट्याजवळून हलू नका. सामानाच्या काउंटरवर ‘प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट’, म्हणजे पीआयआर, करून घ्या. एकदा बाहेर पडलात की बॅग मोडलेली होती की टॅक्सीत मोडली हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. बॅग टॅग, बोर्डिंग पास आणि मोडलेल्या भागाचे फोटो ठेवा. नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत. देशांतर्गत प्रवासात सामानाबद्दल कंपनीची जबाबदारी प्रति प्रवासी कमाल २०,००० रुपये आहे, म्हणून दागिने, लॅपटॉप, औषधं आणि मूळ कागदपत्रं चेक-इनमध्ये घालू नयेत.

आई-बाबांसाठी व्हीलचेअर लागते.

बुकिंग करतानाच मागा, निदान ४८ तास आधी. ऐनवेळी मागितली तर नाही म्हणत नाहीत, पण वाट बघावी लागते. उतरतानाचीही नोंद आहे का हे विचारा. अनेकदा जाण्याची असते, येण्याची नसते.

मुलीकडे जर्मनीला गेलो होतो, परतीचं विमान सहा तास उशिरा.

मग हिशेब वेगळा. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला त्यांचा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो, कंपनी भारतीय असली तरी. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात चार तास किंवा जास्त उशिराने पोचलात आणि कारण कंपनीच्या हातातलं होतं, तर माणशी ६०० युरो. इथून तिकडे जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच. ब्रिटनमध्ये याच धर्तीचा स्वतंत्र नियम आहे.

तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीकडे ईमेलने. पीएनआर, तारीख, काय झालं, किती रुपये हवेत, कोणत्या नियमाने, एवढंच. संताप चार ओळींत आवरा, रक्कम मात्र आकड्यात लिहा. समाधान झालं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे), मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) लिहिल्याने उत्तर लवकर येतं, पण ते ‘डीएम करा’ एवढंच असतं. त्याला तक्रार समजू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे साताऱ्याच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावं लागत नाही. वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत जोडायचं ते असं: तिकीट भाड्याच्या फोडीसह, बोर्डिंग पास, सगळे एसएमएस, तुम्ही पाठवलेले ईमेल आणि हॉटेल-टॅक्सीची पावती. टॅक्सीवाल्याने छापील पावती दिली नाही तर यूपीआयची नोंद चालते.